वाचकांचे प्रश्न : पत्त्याच्या शेवटची तीन शून्यं

प्रश्न : मी साताऱ्यात इतिहास शिकवतो. मोडी कागदांवरचे डाग आणि पिवळेपणा घालवून अक्षर ठळक करणारं एक छोटं अँड्रॉइड ॲप माझ्या विद्यार्थ्याने बनवून दिलं होतं. पडद्यावरचा भाग कॉटलिनमध्ये आहे, तो मला थोडाफार कळतो. प्रतिमेवरची प्रक्रिया सी प्लस प्लसमध्ये आहे, ती अजिबात कळत नाही, आणि विद्यार्थी आता नोकरीत बुडालेला आहे. माझ्या जुन्या फोनवर ॲप छान चालतं. सहकाऱ्याच्या नव्या फोनवर कॅमेरा कागदावर धरला की कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी ते बंद पडतं. लॉगमध्ये ‘फेटल सिग्नल ११, सिगसेगव्ही, कोड १’ असं येतं, आणि खालच्या यादीत सगळ्यात वर लिबसी आणि मेमकॉपी. मी दिसेल तिथे ट्राय-कॅच घातलं, काही फरक नाही. कुणी म्हणालं, मॅनिफेस्टमध्ये ‘लार्जहीप’ टाका. टाकलं, तरी तेच. त्या फोनची रॅम खराब असेल का? शिवाय कधी कधी साफ झालेल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात एक कागद आणि खालच्या अर्ध्यात दुसराच कागद दिसतो. याचा त्याच्याशी संबंध आहे का? चार लॉग सोबत पाठवले आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : फोनची रॅम ठणठणीत आहे, सर. सहकाऱ्याने नवा फोन घेतला नसता तर हा दोष आणखी काही वर्षं तसाच पडून राहिला असता.

लार्जहीप आधी काढून टाका. कॉटलिन आणि जावाच्या वस्तू मेमरीच्या ज्या साठ्यात, हीपमध्ये, राहतात त्याची मर्यादा तेवढी ते वाढवतं. तुमचा घोळ त्या हीपच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे फ्रेम ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यात, चालला आहे. शिवाय तक्रार जागा कमी पडल्याची नाहीच, आपली नसलेल्या जागी हात घातल्याची आहे.

ट्राय-कॅचचं असं आहे की ते कॉटलिनने फेकलेला अपवाद झेलतं. इथे कुणी काही फेकलेलंच नाही. प्रोसेसरला पत्ता सापडला नाही, त्याने कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलं, कर्नलने तुमच्या प्रोसेसला सिग्नल ११ पाठवला आणि प्रोसेस गेली. गंमत म्हणजे कॉटलिनमधला नल (रिकाम्या) पॉइंटरचा अपवादसुद्धा (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं चल) अँड्रॉइड पुष्कळदा याच सिग्नलमधून घडवतं: ॲप चालवणारा रनटाइम सिग्नल मध्येच पकडतो, चूक आपण तयार केलेल्या कोडमध्ये झाली आहे असं पाहतो आणि तिचा अपवाद करून तुमच्या हाती देतो. सी प्लस प्लसच्या लायब्ररीत तेच घडलं तर तो हात वर करतो. ते ट्राय-कॅच आता काढलेत तरी चालेल, उद्या खरा अपवाद आला तर ते तो गिळून बसतील.

आता लॉग. बहुतेक जण स्टॅकच्या यादीवर, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्या यादीवर, तुटून पडतात. मी आधी ‘फॉल्ट ॲड्रेस’, म्हणजे कोड ज्या पत्त्यावर अडखळला तो, ही एकच नोंद वाचते. पुण्यात सेट-टॉप बॉक्सच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते तेव्हा ही सवय लागली. तिकडून येणाऱ्या क्रॅशमध्ये फंक्शनची नावं नसायची, ओळींचे क्रमांक नसायचे, नुसते आकडे. हाताशी पत्ता तेवढा असायचा, आणि पत्ता पुष्कळ बोलतो. तो शून्य असेल तर पॉइंटर रिकामा होता. अठरा, अठ्ठावीस असा चिमुकला असेल तर रिकाम्या पॉइंटरला वस्तू समजून तिच्या आतलं एखादं फील्ड मागितलं गेलं. स्टॅक पॉइंटरला खेटून असेल तर फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटलं आहे. कुठलाच ढंग नसलेला भलामोठा आकडा असेल तर बहुधा मोकळी केलेली मेमरी कुणीतरी अजून धरून बसलं आहे.

तुमच्या चारपैकी तीन लॉगमधले पत्ते वरवर पाहता एकमेकांशी काही संबंध नसलेले आहेत, पण एकाचा शेवट ए०००, दुसऱ्याचा ३०००, तिसऱ्याचा एफ०००. शेवटची तीन घरं तिन्हीकडे शून्य. हे पत्ते सोळाच्या पाढ्याने मोजलेले असतात आणि त्या मोजणीत १००० म्हणजे आपले ४०९६. कर्नल मेमरी वाटतो ती ४०९६ बाइटच्या पेजेसमध्ये. म्हणजे तिन्ही वेळा कोड एखाद्या पेजच्या पहिल्याच बाइटवर ठेचकाळला आहे. भलतीकडे उडी मारणारा पॉइंटर तीनदा नेमका पेजच्या उंबऱ्यावर उतरत नाही. तिथे पोचतो तो ओळीने एकेक बाइट वाचत आलेला आणि कुठे थांबायचं ते न कळलेला कोड. ‘कोड १’चा अर्थही तोच: त्या पत्त्यावर काही मांडलेलंच नाही. जागा आहे पण परवानगी नाही, असं असतं तर कोड २ आला असता.

म्हणून मी तुम्हाला कॅमेऱ्याकडून येणाऱ्या फ्रेमचे आकडे दोन्ही फोनवर छापून पाठवायला सांगितलं. ते आले आणि मग मला लिबसीकडे, म्हणजे सिस्टिमच्या सी लायब्ररीकडे, बघायचीही गरज राहिली नाही. (मेमकॉपी, म्हणजे बाइटची नक्कल करणारं तिथलं फंक्शन, यादीत वर दिसते म्हणून तिला धरू नका. तिला जेवढं सांगितलं तेवढं ती उचलते. सांगणारा यादीतल्या दुसऱ्या ओळीत आहे, तुमच्याच लायब्ररीत.)

फ्रेमची रुंदी १९२०, उंची १०८०. तिचे तीन थर असतात: उजेडाचा वाय आणि रंगाचे यू, व्ही. रंगाचे थर निम्म्या उंचीचे, म्हणजे ५४० ओळींचे. तुमच्या दोन्ही फोनवर पिक्सेलस्ट्राइड २ आहे, म्हणजे यू आणि व्हीचे बाइट एकाच पट्टीत एकाआड एक बसवले आहेत आणि व्हीची सुरुवात यूच्या एक बाइट पुढे आहे. इथवर दोन्ही फोन सारखे. फरक रोस्ट्राइडमध्ये आहे, म्हणजे एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतच्या अंतरात. जुन्या फोनवर ते १९२० आहे, नव्यावर २०४८. नव्या फोनच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी १२८ बाइट भरताड आहे. मोडीत ओळ सलग धावते, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. मेमरीतल्या ओळींचं तसंच आहे, सर.

नव्या फोनवर वाय थर २०४८ गुणिले १०८०, म्हणजे २२,११,८४० बाइट. रंगाची पट्टी २०४८ गुणिले ५४०, म्हणजे ११,०५,९२०. बेरीज ३३,१७,७६०. याला ४०९६ ने भागा: बरोब्बर ८१०, बाकी शून्य. बफर पेजच्या कडेला काटेकोर संपतो. तुमच्या विद्यार्थ्याचा कोड प्रत्येक रंगासाठी रोस्ट्राइड गुणिले ५४०, म्हणजे ११,०५,९२० बाइट उचलतो. यूसाठी ते चालून जातं. व्ही एक बाइट उशिरा सुरू होतो, म्हणून त्याचा शेवटचा बाइट कडेच्या पलीकडे पडतो. एक बाइट, सर. सगळा तमाशा एका बाइटचा आहे. आणि तुम्हीच छापलेल्या आकड्यांत व्हीचा बफर स्वतः सांगतो आहे की माझ्याकडे ११,०५,७९१ बाइटच आहेत: ५३९ ओळी पूर्ण, आणि शेवटची भरताडाशिवाय, १९१९ बाइटची. कोडने त्याला विचारलंच नाही, स्वतः गुणाकार करून मोकळा झाला.

जुन्या फोनवर हीच चूक रोज होते. तिथे सगळं मिळून ३१,१०,४०० बाइट लागतात. ते ७५९ पेजेस भरून ७६०व्या पेजमध्ये शिरतात आणि त्या पेजचे २५६० बाइट मोकळे राहतात. आगाऊ वाचलेला बाइट त्या मोकळ्या जागेत पडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. नव्या फोनवरही कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी असं होतं ते यामुळेच. बफरच्या पलीकडच्या पेजवर त्या घटकेला दुसरं काही मांडलेलं असेल तर वाचन निमूट होऊन जातं. नसेल तर सिग्नल ११.

दुरुस्ती छोटी आहे. कॉटलिन आणि सी प्लस प्लसला जोडणाऱ्या जेएनआयमध्ये ‘गेट डायरेक्ट बफर कपॅसिटी’ नावाचं फंक्शन आहे. सी प्लस प्लसने पॉइंटर घेतल्याबरोबर त्याला आकार विचारायचा आणि त्याच्या पुढे जायचं नाही. ओळीओळीने नक्कल करत असाल तर शेवटची ओळ रोस्ट्राइडएवढी नाही, तिच्यात खरे बाइट आहेत तेवढीच घ्यायची. व्ही थरातला ११,०५,९२० वा बाइट कुठल्याच पिक्सेलचा नव्हता, त्यामुळे चित्रात कणभरही फरक पडणार नाही.

तुमचा विद्यार्थी हे वाचून म्हणेल, ॲड्रेस सॅनिटायझर चालवतो, तो पकडेल. एरवी मीही तेच सुचवलं असतं. मेमरीच्या चुकांसाठी २०१२ साली जाहीर झाल्यापासून त्याच्याइतकं उपयोगी साधन मी वापरलेलं नाही. ॲप साधारण दुप्पट सावकाश चालतं एवढीच त्याची किंमत. पण इथे तो गप्प बसेल. तो पहारा देतो मॅलॉकने (मेमरी मागायच्या फंक्शनने) दिलेल्या मेमरीवर, स्टॅकवर आणि ग्लोबल चलांवर. कॅमेऱ्याचा बफर सिस्टिमकडून थेट मांडून मिळतो, त्याची कड सॅनिटायझरला माहीतच नसते. साधन गप्प राहिलं म्हणून कोड शुद्ध ठरवू नका. आणखी एक: नव्या अँड्रॉइड फोनमध्ये १६ केबीची, म्हणजे १६,३८४ बाइटची पेजेस येऊ लागली आहेत, आणि अँड्रॉइड १५ किंवा पुढचं लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपने ती सांभाळली पाहिजेत असं गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून सक्तीचं केलं. त्या पेजेसमध्ये तुमची हीच फ्रेम २०२ पूर्ण आणि एक अर्धं पेज व्यापते. उरलेल्या अर्ध्या पेजमध्ये चूक पुन्हा लपेल. उद्या तशा फोनवर ॲप न पडता चाललं तर दोष गेला असं समजू नका.

आता चौथा लॉग. त्याच्या पत्त्याच्या शेवटी शून्यं नाहीत, आणि वेळ पाहता तो ॲप मागे टाकताना, कॅमेरा बंद होताना पडलेला दिसतो. हा दुसराच दोष आहे आणि अर्ध्या-अर्ध्या पानाचं उत्तर इथे आहे. तुमच्या कॉटलिनमध्ये फ्रेम मिळाली की ती प्रक्रियेसाठी दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाकडे, धाडली जाते आणि लगेच ‘फायनली’मध्ये इमेजप्रॉक्सीचं, म्हणजे फ्रेम धरून ठेवणाऱ्या वस्तूचं, क्लोज बोलावलं जातं. क्लोज म्हणजे ‘माझं वाचून झालं, बफर परत घ्या’. कॅमेरा तो घेतो आणि त्यातच पुढची फ्रेम ओततो. तिकडे सी प्लस प्लस अजून पान निम्मंच वाचून झालेलं. म्हणून वर आधीचा कागद, खाली नंतरचा. कॅमेरा बंद झाला तर बफर समूळ जातो, आणि वाचणारा मधेच कुठेतरी, कुठल्याही पत्त्यावर कोसळतो. क्लोज त्या थ्रेडचं काम संपल्यावरच बोलवा. फ्रेम थोड्या कमी मिळतील. कागद काही पळून जात नाही.

राहिली स्टॅकची यादी. तीत तुमच्या लायब्ररीचे नुसते आकडे दिसतात, कारण ॲप बांधताना नावं काढून टाकलेली असतात. नावांसकट असलेली मूळ एसओ फाइल (बांधून तयार झालेली लायब्ररी) विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असेल तर ती मागून घ्या. लॉगमधला बिल्डआयडी (बांधणीची ओळख) तिच्याशी जुळला की एनडीके-स्टॅक हे साधन त्या आकड्यांतून फाइल आणि ओळ काढून देतो. तोच कोड पुन्हा बांधून आणलेली फाइल चालेलच असं नाही: कंपायलर बदलला असला तर आकडे सरकतात. यापुढे प्रत्येक आवृत्तीबरोबर ती फाइल जपून ठेवा, प्ले कन्सोलवरही चढवा. आणि सहकाऱ्याचा फोन केबलला जोडायला दर वेळी त्यांच्या मागे लागू नका. अँड्रॉइड ११ पासून ‘ॲप्लिकेशन एक्झिट इन्फो’ आहे. पुढच्या वेळी ॲप उघडलं की मागच्या वेळी ते का मेलं हे त्यातून कळतं, आणि अँड्रॉइड १२ पासून सी प्लस प्लसच्या क्रॅशचा पूर्ण टूमस्टोनही (सविस्तर अहवालही) त्यातूनच वाचता येतो. तो स्वतःला मेल करण्याची सोय कॉटलिनमध्ये तुम्हालाही करता येईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असले क्रॅश टाळायचे तर सी प्लस प्लस सोडून थेट रस्ट शिकावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शीक, पण ‘सोडून’ हा शब्द खोड. गूगलने अँड्रॉइडबद्दल दिलेले आकडे बघ: सुरक्षेच्या त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ साली ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. आणि तेही जुना कोड पाडून नव्हे, नवा कोड मेमरी सांभाळणाऱ्या भाषांत लिहून. जुना सी प्लस प्लस तिथेच आहे आणि तुझी पहिली नोकरी बहुधा त्यातच जाईल. शिवाय वरच्या प्रश्नातला पॉइंटर रस्टमध्ये घेतला असतास तरी तो ‘अनसेफ’च्या कंसात, म्हणजे जिथे काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची तिथे, घ्यावा लागला असता, आणि लांबी चुकीची दिली असतीस तर रस्टनेही तुझ्यावर विश्वास ठेवला असता. फायदा एवढाच की क्रॅश झाल्यावर शोधायला चार कंस असतात, चाळीस फाइली नसतात. माझ्या मते तेवढा फायदा पुरेसा आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आमच्या मंडळाच्या आयफोन ॲपमध्ये एका स्क्रीनवरून झटकन मागे आलं की ते पडतं. एक्सकोड ‘बॅड ॲक्सेस’ म्हणतो आणि ‘ऑब्जसी मेसेज सेंड’वर थांबतो, तिथे माझी एकही ओळ नाही. ॲप स्विफ्टमध्ये आहे, फक्त फोटो उतरवून घेणारी लायब्ररी फार जुनी, ऑब्जेक्टिव्ह-सीमधली आहे.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्ही निम्मं उत्तर देऊन टाकलं आहे. ऑब्जसी मेसेज सेंडवर थांबणं म्हणजे मेलेल्या वस्तूला निरोप पाठवला गेला. एक्सकोडच्या स्कीममध्ये, डायग्नॉस्टिक्सखाली, झोम्बी ऑब्जेक्ट्स चालू करा आणि तोच खेळ पुन्हा करा. आता मेलेली वस्तू खरोखर मोकळी होत नाही, झोम्बी बनून जागेवर राहते, आणि तिला कुणी हाक मारली की कन्सोलवर तिच्या वर्गाचं नाव आणि मागितलेली मेथड छापून येते. पैज लावते, नाव तुमच्या त्या स्क्रीनच्या कंट्रोलरचं, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या वस्तूचं, असेल.

मग लायब्ररीच्या हेडरमध्ये डेलिगेट, म्हणजे काम झालं की जिला कळवायचं ती वस्तू, कसं जाहीर केलंय ते बघा. तिथे ‘असाइन’ लिहिलेलं सापडेल असा माझा अंदाज. २०११ मध्ये एआरसी (वस्तूंची मेमरी आपोआप सांभाळणारी सोय) येईपर्यंत डेलिगेट तसंच लिहायची रीत होती, त्यात काही गैर नव्हतं. फक्त स्क्रीन जाताना डेलिगेट स्वतः नल करायची जबाबदारी तुमच्यावर असायची. फोटो उतरायला दोन सेकंद लागतात, तुम्ही एका सेकंदात मागे येता, कंट्रोलर मोकळा होतो, लायब्ररी मात्र त्याचा जुना पत्ता धरून ‘फोटो आला’ सांगायला जाते. ‘असाइन’च्या जागी ‘वीक’ करा. वस्तू गेली की तो पॉइंटर आपोआप नल होतो, आणि ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये नलला पाठवलेला निरोप बिनबोभाट विरून जातो. लायब्ररी एआरसीशिवाय बांधली जात असेल आणि तिला हात लावायचा नसेल तर तुमच्या कंट्रोलरच्या डीइनिटमध्ये (वस्तू मोकळी होताना चालणाऱ्या कोडमध्ये) डेलिगेट नल करा, तेवढ्यावर भागेल.

झोम्बी चालू ठेवून ॲप मंडळाच्या लोकांना देऊ नका. त्यात काहीच मोकळं होत नसल्याने मेमरी फुगत जाते आणि मग आयओएस दुसऱ्याच कारणाने ॲप मारून टाकतं. आणि झोम्बी फक्त ऑब्जेक्टिव्ह-सी वस्तूंनाच ओळखतात. कन्सोलवर काहीच आलं नाही तर त्याच स्कीममध्ये झोम्बी बंद करून ॲड्रेस सॅनिटायझर लावा आणि जो अहवाल येईल तो पूर्ण पाठवा, वरच्या दोन ओळी कापून नको.